मुलीचे मैदान आणि घराचे घड्याळ



२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदाच आपल्या देशात आणला. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला. तरी कितीतरी घरांत आजीपासून नातीपर्यंत सगळ्या जाग्या होत्या. त्यात स्मृती मानधना आपल्या सांगलीत वाढलेली, म्हणून आपल्या भागात कौतुक जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी सकाळी महिला मंडळाच्या ग्रुपवर दर्शनाच्या फोटोंपेक्षा चषकाचे फोटो जास्त होते.

हे कौतुक अगदी मनापासूनचे होते. पण त्याच घरांपैकी काही घरांत नववीतल्या मुलीला ऐकवले जाते, "आता पुरे झाले खेळणे. पुढच्या वर्षी दहावी आहे, आणि मोठी झालीस आता." टीव्हीवर धावणारी मुलगी आपल्याला चालते, पण आपल्या अंगणातली मुलगी धावायला निघाली की आपले पाय अडखळतात. असे का होते, याचा आज थोडा विचार करू या.

पहिली गोष्ट म्हणजे "बाईच्या शरीराला झेपत नाही" हे कारण फार जुने आहे, आणि ते फक्त आपल्याकडचे नाही. १८९६ मध्ये आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले तेव्हा त्यात एकही स्त्री नव्हती. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला स्त्रियांना ८०० मीटर धावू दिले. शर्यत संपल्यावर काही जणी दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ती शर्यतच बंद झाली, ती थेट १९६० मध्ये परत आली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडले. दमलेला पुरुष म्हणजे पराक्रमी आणि दमलेली बाई म्हणजे बिचारी, असा तो हिशेब होता.

आता आपल्या आज्या-पणज्यांकडे बघा. विहिरीवरून डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन चढ चढणाऱ्या त्याच. जात्यावर पायली पायली दळणाऱ्या त्याच. भरल्या पोटाने शेतात खुरपायला जाणाऱ्याही त्याच. तेव्हा कुणी म्हणाले नाही की बाईच्या शरीराला झेपणार नाही. म्हणजे बाईच्या कष्टाला कधीच कुणाची हरकत नव्हती, हरकत होती ती खेळाला. कारण कष्ट घरासाठी असतात आणि खेळ स्वतःसाठी असतो. स्वतःसाठी काढलेला तासभर वेळ हाच बाईच्या बाबतीत चैन समजला गेला. नागपंचमीला झोका आणि फेर, सणासुदीला झिम्मा-फुगडी, एवढीच काय ती मोकळीक. ज्यांनी लहानपणी फुगडी घातली आहे त्यांना आठवेल, त्या दहा मिनिटांत अंगातला सगळा शीण कसा निघून जायचा. वर्षातून दोन-चारदा मिळणारे ते सुख रोज मिळावे, एवढेच मुलींचे मागणे आहे.

आणखी एक उदाहरण सांगते, म्हणजे शरीराचे कारण किती खरे हे कळेल. बुद्धिबळात ना ऊन, ना धावणे, ना पडणे. तरीही १९७६ मध्ये मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावे लागले की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. हीच रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. तिच्या बहिणी वासंती आणि जयश्री यांनीही राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. एका मराठी घरातल्या या तिघी बहिणी. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला, त्या वाटेवरचे पहिले काटे या बहिणींनी वेचले होते. सांगायचे एवढेच की जिथे ताकदीचा प्रश्नच नव्हता, तिथेही अडवणूक झाली. तेव्हा अडचण शरीराची कमी आणि आपल्या सवयीची जास्त, हे मान्य करायला हवे.

कुणी म्हणेल, आमची मुलगी काही देशासाठी खेळणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला? खरे आहे. हजारातली एखादीच तिथवर जाते. पण आपण मुलांना गणित शिकवतो ते सगळे गणिती व्हावेत म्हणून नव्हे. मैदान जे देते ते पदक मिळाले नाही तरी मुलीजवळ राहते.

आपला साधा खो-खो घ्या. पाठीमागून हात लावताना "खो" हा शब्द मोठ्याने आणि स्पष्ट उच्चारावा लागतो. तोंडातल्या तोंडात म्हटला तर चालत नाही. लहानपणापासून "हळू बोल, मुलीच्या जातीने एवढे ओरडू नये" असे ऐकणाऱ्या मुलीला इथे नियम म्हणून ओरडावे लागते! कबड्डीतही तेच, दम टिकवून मोठ्याने बोलत समोरच्यांच्या अंगणात एकटीने शिरायचे आणि परत यायचे. कोणत्या बाजूला वळायचे हे क्षणात ठरवायचे, आणि ठरवताना आईकडे, बाबांकडे किंवा दादाकडे बघायला वेळ नसतो. निर्णय चुकला तर बाद व्हायचे, थोडा वेळ बाहेर बसायचे आणि पुढच्या डावात परत उठायचे. हरल्यावर समोरच्या संघाशी हात मिळवायचा. आपण मुलींना जिंकायला तर शिकवत नाहीच, पण हरायलाही शिकवत नाही. चुकू नये एवढेच शिकवतो. मग पुढे नोकरीत, व्यवसायात, सासरी, कुठेही एक चूक झाली की त्या आतून मोडतात.

शरीराकडे बघण्याची दृष्टीही मैदानावर बदलते. एरवी मुलीचे शरीर म्हणजे इतरांनी बघायची आणि इतरांनी मत द्यायची वस्तू. रंग कसा, उंची किती, जाड की बारीक. खेळणाऱ्या मुलीला पहिल्यांदा कळते की पाय छान दिसण्यासाठी नसून पळण्यासाठी आहेत. ज्या मुलीला आपल्या हातापायांची ताकद ठाऊक आहे, ती गर्दीच्या एसटीत कुणी धक्का दिला तर खाली मान घालून उभी राहत नाही.

याच खो-खोने धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवून दिला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले, आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबरही सुरुवातीला खो-खोच खेळायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, धावण्याच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुष्काळी माणदेशातली मुलगी तिथे पोचते, आणि आपल्या बागायती गावांत मुलींना शाळेच्या मैदानापर्यंत जायला परवानगी लागते!

आता आपल्या घरातल्या खऱ्या अडचणीकडे येते, कारण आपल्याकडे ही गोष्ट स्वयंपाकघरात अडते. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा सुटल्यावर सराव सुरू होतो आणि अंधार पडेपर्यंत चालतो. ज्या घरांत रात्रीभोजनाचा त्याग आहे तिथे मुलगी घरी येईपर्यंत जेवणाची वेळ टळलेली असते. मग दोन-चार दिवसांत "खेळ सोड" असा निकाल लागतो.

माझ्या माहेरी हेच झाले. भाची शाळेच्या खो-खो संघात निवडली गेली आणि घरात जेवणाच्या वेळेवरून कुरबूर सुरू झाली. गंमत म्हणजे थोरला भाचा दोन वर्षे क्रिकेट खेळून साडेसातला घरी येत होता. "मुलगा आहे, दमून येतो, भूक लागणारच," म्हणून त्याला गुपचूप ताट वाढले जायचे. धाकटीची वेळ आली तेव्हा मात्र सगळ्यांना नियम आठवला. वहिनी बिचारी दोन्हीकडून बोलणी खात होती. शेवटी माझी आई, जिला सगळे अक्का म्हणतात, तीच म्हणाली, "नियम आपल्या जिभेला आवर घालायला घेतलाय, पोरीला दावणीला बांधायला नाही. आणि पाळायचा तर दोघांनीही पाळायचा."

मग दादा शाळेत जाऊन सरांना भेटला. संघात आपल्या समाजाच्या आणखी तिघी निघाल्या. सरांनी पळण्याचा सराव सकाळी घ्यायचे ठरवले आणि संध्याकाळचा सराव साडेपाचला संपवायला सुरुवात केली. आता अक्का दुपारीच डबा भरून ठेवते. मुगाचे धिरडे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि एखादे केळे. चौघी मैदानाच्या कडेला बसून सूर्य मावळायच्या आत जेवतात आणि मग घरी येतात. थोरल्यालाही आता तसाच डबा जातो. नियम मोडला नाही, खेळही सुटला नाही. कुणीतरी जाऊन बोलण्याची गरज होती, एवढेच. सगळ्याच शाळांत इतके समजूतदार सर भेटतील असे नाही, पण विचारल्याशिवाय ते कळणार कसे?

खाण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. या मुली खेळत असोत वा नसोत, त्यांचे रक्त कमी आहे. घरात बसून राहणाऱ्या मुलीचा थकवा "वयच आहे ते" म्हणून लक्षात येत नाही. खेळणारी मुलगी दुसऱ्याच फेरीत धापा टाकायला लागते, म्हणून तिची तपासणी तरी होते. शाकाहारात ताकद नाही हा समज धरून बसू नका, पण ताटात काय पडते याकडे लक्ष हवे. डाळी, शेंगदाणे, तीळ, खारीक, अळीव, बाजरी हे सगळे आपल्याच डब्यांत आहे. जेवताना लिंबू पिळले तर अन्नातले लोह अंगी लागायला मदत होते आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यात अडथळा येतो. पर्वाच्या दिवसांत स्पर्धा आल्या तर उपवास करायचा की एकासन, हे मुलीला विचारून आणि तिची प्रकृती बघून ठरवावे. कुणाच्या मुलीने किती उपवास केले याची चढाओढ नसावी, कारण तप हे शक्तीप्रमाणे करायचे असते.

मासिक पाळीचा प्रश्नही मोकळेपणाने बोलायला हवा. देवळाचे आणि सोवळ्याचे नियम ज्या त्या घराने पाळावेत. पण मैदान म्हणजे देऊळ नव्हे. फार त्रास होत असेल तर मुलीने विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. त्रास नसेल तर केवळ रीत म्हणून दर महिन्याला चार दिवस तिला घरी बसवले, तर संघातली तिची जागा दुसरीला जाते.

उन्हाने रंग काळवंडेल, पडून खूण राहील, मग स्थळ कसे येणार, ही काळजी आजही बोलून दाखवली जाते. मुलाच्या कपाळावरची खूण म्हणजे त्याचा खट्याळपणा आणि मुलीच्या गुडघ्यावरची खूण म्हणजे व्यंग, असे असते का कुठे? गुडघ्यावरच्या खुणेवरून मुलगी नाकारणारे घर आधीच कळले तर बरेच म्हणायचे. आणि लग्नाने खेळ संपतो असेही नाही. मणिपूरच्या मेरी कोमला २००७ मध्ये जुळी मुले झाली आणि २०१२ मध्ये तिने लंडन ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचे कांस्यपदक मिळवले. अर्थात मुले सांभाळायला नवरा पाठीशी उभा होता, हेही आपल्या मुलांना सांगायला विसरू नका.

एक काळजी मात्र मी उडवून लावणार नाही, ती सुरक्षिततेची. २०२३ मध्ये देशातल्या नामवंत महिला कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीच्या जंतरमंतरवर बसल्या होत्या, हे आपण सगळ्यांनी पाहिले. देशासाठी पदके आणणाऱ्यांची ही कथा, तर शाळेतल्या मुलीचे काय, असे आईच्या मनात येणारच. पण त्यावर मुलीला घरी बसवणे म्हणजे चोराला सोडून घराला कुलूप लावणे झाले. आपण प्रश्न विचारायला शिकू या. प्रशिक्षक कोण आहेत? बाहेरगावी स्पर्धेला नेताना सोबत बाई शिक्षिका आहेत का? मुक्कामाची सोय कुठे आहे? २०१३ च्या कायद्याने क्रीडासंस्था, स्टेडियम आणि क्रीडासंकुलेसुद्धा कामाचे ठिकाण मानली आहेत, त्यामुळे तक्रार समिती आहे का हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मुलगी घरी येऊन काही सांगेल तेव्हा "म्हणूनच सांगत होते, जाऊ नकोस" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. ते वाक्य एकदा ऐकलेली मुलगी पुन्हा काही सांगत नाही.

धर्माच्या बाजूने बघितले तरी मला कुठे आडकाठी दिसत नाही. भगवान आदिनाथांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक, ही कथा आपण पाठशाळेत मुलींना अभिमानाने सांगतो. विद्या देताना त्यांनी मुलगी म्हणून हात आखडता घेतला नाही. आत्म्याच्या अनंतचतुष्टयात ज्ञान, दर्शन आणि सुख यांच्या बरोबरीने वीर्य आहे, म्हणजे बळ आहे, आणि ते प्रत्येक आत्म्याचे आहे. सोलापूरच्या पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेतून मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, म्हणून आज आपण लिहितो-वाचतो आहोत. शिकून काय करायचे, मुली बिघडतील, लग्न जमणार नाही, हे त्या काळी मुलींच्या शाळेबद्दल बोलले जायचे. आज तीच वाक्ये मैदानाबद्दल बोलली जातात. शब्दही फारसे बदललेले नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये जगभरातल्या ११ ते १७ वयाच्या मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. रोज तासभर तरी अंग हलवावे, या मापाला ८५ टक्के मुली आणि ७८ टक्के मुले उतरत नव्हती. म्हणजे मुलगेही कमीच खेळतात, पण मुली त्याहून कमी. यात सरकारने, शाळांनी करायचे पुष्कळ आहे. पण घराचे घड्याळ आपल्या हातात आहे. चहा कधी, स्वयंपाक कधी, भांडी कुणी घासायची, संध्याकाळी पाहुण्यांना पाणी कुणी द्यायचे, हे आपण बायकाच ठरवतो. मुलीचा खेळ बहुतेक वेळा कुणी मोठ्याने "नाही" म्हटल्यामुळे बंद होत नाही. संध्याकाळची पाचची वेळ हळूहळू कणीक मळण्याला, धाकट्याला सांभाळण्याला, क्लासला जाते आणि एक दिवस कळते की मुलगी खेळत नाही. भावाची पाचची वेळ मात्र त्याचीच राहते.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. आठवी ते दहावी ही तीन वर्षे मुलीचा मैदानाचा एक तास कुणालाही देऊ नका. दहावीचे वर्ष असले तरी देऊ नका, तासभर पळून आलेली मुलगी अभ्यासाला अधिक ताजी बसते. भाऊ असेल तर घरकामाची वाटणी दोघांत करा. महिला मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात रांगोळी आणि पाककृती स्पर्धेबरोबर एक धावण्याची शर्यत ठेवा, मुलींची आणि चाळिशीपुढच्या बायकांचीही. मंडळाच्या शिलकीतून गावातल्या शाळेला मुलींसाठी एक नेट किंवा दोन चेंडू द्या. आणि पुढच्या वेळी मुलीचा सामना तालुक्याला असेल तेव्हा घरातले काम तासभर तसेच ठेवून बघायला जा. बाप आणि काका आले नाहीत तरी तुम्ही जा. आई कडेला उभी आहे हे दिसले की मुलगी "खो" जरा जास्तच मोठ्याने देते, हे मी स्वतः पाहिले आहे.